पूरक घर (कॅलिफोर्निया)

पूरक घर म्हणजे एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरासाठी असलेल्या भूखंडावर मूळ घराच्या जोडीने उभे केलेले दुसरे, लहान आणि स्वयंपूर्ण घर होय. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते 'एडीयू' या नावाने ओळखले जाते. स्वतंत्र प्रवेशद्वार, स्वयंपाकघर, स्नानगृह आणि झोपण्याची सोय ही त्याची आवश्यक अंगे आहेत. ते मूळ घराच्या मालकीच्या जमिनीवरच असते आणि सामान्यतः मूळ घरापासून वेगळे विकता येत नाही.

कॅलिफोर्नियातील शहरांमध्ये विसाव्या शतकात निवासी जमिनीचा फार मोठा भाग 'एक भूखंड, एक घर' या नियमाखाली राखून ठेवण्यात आला. लोकसंख्या वाढत गेली, घरांचा पुरवठा त्या मानाने अपुरा राहिला आणि भाडी व किमती सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. या स्थितीत नवी जमीन न घेता, रस्ते व मलवाहिन्या आहेत त्याच ठेवून घरांची संख्या वाढवण्याचा एक मार्ग म्हणून राज्याने पूरक घरांना कायदेशीर हक्काचे स्वरूप दिले. २०१६ ते २०२२ या काळात राज्यात अशा ८०,०००हून अधिक घरांना परवानगी मिळाली.

नावे

पूरक घराला इंग्रजीत 'ग्रॅनी फ्लॅट', 'इन-लॉ युनिट', 'सेकंड युनिट', 'बॅकयार्ड कॉटेज' अशी अनेक बोलीनावे आहेत. पहिली दोन नावे वृद्ध आईवडिलांना किंवा सासूसासऱ्यांना जवळ पण स्वतंत्र ठेवण्याच्या उपयोगावरून पडली आहेत. मराठीत बंगल्याच्या आवारातील लहान घराला 'आउटहाऊस' म्हणण्याची पद्धत आहे. अमेरिकी इंग्रजीत मात्र त्या शब्दाचा अर्थ घराबाहेरचे शौचालय असा होतो, त्यामुळे तेथे तो या अर्थाने वापरला जात नाही.

प्रकार

बांधकामाच्या स्वरूपानुसार पूरक घरांचे पुढील मुख्य प्रकार मानले जातात.

स्वतंत्र पूरक घर: मूळ घरापासून सुटे, बहुधा मागील अंगणात बांधलेले.

जोडलेले पूरक घर: मूळ घराला लागून वाढवलेले. दोन्ही घरांची एक भिंत सामाईक असते, प्रवेशद्वारे वेगळी असतात.

रूपांतरित पूरक घर: अस्तित्वात असलेले गॅरेज, कोठार, तळघर किंवा मूळ घराचा एखादा भाग राहण्याजोगा करून तयार केलेले.

कनिष्ठ पूरक घर: मूळ घराच्या भिंतींच्या आतच असलेले, कमाल ५०० चौरस फूट (सुमारे ४६ चौरस मीटर) क्षेत्राचे घर. त्यात लहान स्वयंपाकघर व वेगळे प्रवेशद्वार आवश्यक असते, मात्र स्नानगृह मूळ घरासोबत सामाईक असू शकते.

एकाच भूखंडावर पूरक घर आणि कनिष्ठ पूरक घर अशी दोन्ही करता येतात. त्यामुळे एका कुटुंबाच्या भूखंडावर एकूण तीन स्वयंपाकघरे कायदेशीररीत्या असू शकतात.

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने १९१६ साली काही वस्त्यांमध्ये एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर बांधण्याचा नियम केला. अमेरिकेतील अशा नियमाच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात जमिनीच्या वापरानुसार विभाग पाडण्याचा (झोनिंग) स्थानिक संस्थांचा अधिकार मान्य केला. त्यानंतर ही पद्धत देशभर पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेल्या उपनगरांमध्ये समोर हिरवळ, मध्ये घर, मागे अंगण आणि गाडीसाठी गॅरेज ही मांडणी रूढ झाली. अशा वस्त्यांत भूखंडावर दुसरे घर बांधण्यास बहुतेक नगरपालिकांची मनाई होती.

मनाई असली तरी दुसऱ्या घराची गरज संपली नव्हती. विशेषतः लॉस एंजेलिस परिसरात गॅरेजमध्ये विनापरवाना राहण्याची सोय करून ती भाड्याने देण्याची प्रथा वाढली. 'लॉस एंजेलिस टाइम्स' या दैनिकाने १९८७ साली केलेल्या पाहणीत लॉस एंजेलिस काउंटीमध्ये सुमारे ४२,००० गॅरेजमध्ये मिळून सुमारे २,००,००० लोक राहत असावेत, असा अंदाज व्यक्त केला होता. या जागांमध्ये पुरेशा खिडक्या, सुरक्षित विजेची जोडणी किंवा आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग नसे. तक्रार केल्यास जागा रिकामी करावी लागेल, या भीतीने भाडेकरू धोका पत्करून राहत. दुसऱ्या घरावरील बंदीमुळे ती घरे बांधली जाणे थांबले नाही, ती फक्त तपासणीच्या कक्षेबाहेर गेली, हा अनुभव पुढील कायद्यांच्या समर्थनार्थ वारंवार मांडला गेला.

कायद्याचा विकास

१९८२ साली राज्याने 'दुसऱ्या घरा'विषयीचा पहिला कायदा केला. परंतु परवानगी देणे बहुतांशी नगरपालिकेच्या विवेकावर सोडलेले होते. अर्जदाराला जाहीर सुनावणीला सामोरे जावे लागे आणि शेजाऱ्यांच्या हरकतींवरून अर्ज फेटाळला जाऊ शके. २००२ साली संमत झालेल्या एबी १८६६ या कायद्याने १ जुलै २००३ पासून सुनावणीची अट काढली आणि अर्ज केवळ लिखित नियमांवर तपासण्याचे बंधन घातले. तरीही किमान भूखंड क्षेत्र, वाहनतळ, मालकाचा रहिवास आणि भरमसाट शुल्क अशा अटी घालून अनेक शहरांनी पूरक घरे व्यवहारात अशक्यप्राय ठेवली.

२०१६ साली एसबी १०६९ आणि एबी २२९९ हे कायदे झाले व ते १ जानेवारी २०१७ पासून लागू झाले. त्यांनी वाहनतळाच्या अटी शिथिल केल्या आणि पाणी व मलवाहिनीच्या जोडणीचे शुल्क मर्यादित केले. त्याच वर्षीच्या एबी २४०६ या कायद्याने कनिष्ठ पूरक घराची संकल्पना आणली. २०१९ साली संमत झालेले एबी ६८, एबी ८८१ आणि एसबी १३ हे कायदे १ जानेवारी २०२० पासून लागू झाले. त्यांतील प्रमुख तरतुदी अशा होत्या:

परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांच्या आत निर्णय देणे बंधनकारक झाले.

पूरक घरासाठी किमान भूखंड क्षेत्राची अट घालण्यास मनाई झाली.

बाजूच्या व मागील हद्दीपासून ४ फुटांपेक्षा (सुमारे १.२ मीटर) अधिक सामासिक अंतर मागता येईनासे झाले.

८०० चौरस फूट (सुमारे ७४ चौरस मीटर) क्षेत्राचे व १६ फूट (सुमारे ४.९ मीटर) उंचीचे पूरक घर स्थानिक नियमांमुळे अडवता येईनासे झाले.

७५० चौरस फुटांपेक्षा लहान पूरक घरांना विकास शुल्कातून सूट मिळाली. त्याहून मोठ्या घरांचे शुल्क मूळ घराच्या प्रमाणात आकारण्याचे ठरले.

गॅरेजचे रूपांतर केल्यास गेलेल्या वाहनतळाच्या बदल्यात नवा वाहनतळ मागता येईनासा झाला.

मालकाने त्याच भूखंडावर राहिले पाहिजे ही अट पूरक घरांसाठी काही वर्षांकरिता स्थगित झाली. २०२३ च्या एबी ९७६ या कायद्याने ती कायमची काढली.

याच काळातील एबी ६७० या कायद्यामुळे गृहसंकुलांच्या रहिवासी संघटनांनाही आपल्या करारांद्वारे पूरक घरांवर सरसकट बंदी घालता येत नाही. २०२४ च्या एबी २५३३ या कायद्याने २०२० पूर्वी विनापरवाना बांधलेली पूरक घरे नियमित करून घेण्याचा मार्ग अधिक सुलभ केला.

या क्रमात नियमांचा तपशील अनेकदा बदलला, परंतु मूळ बदल एकच होता. दुसरे घर ही नगरपालिकेने दिलेली सवलत राहिली नाही. ठरावीक मापांत बसणारे घर बांधणे हा मालकाचा हक्क ठरला. कायदेशीर अडथळे दूर झाल्यानंतर उरलेले अडथळे मुख्यतः भूखंडाच्या मापांचे आणि पैशाचे आहेत.

लहान भूखंडावरील मांडणी

लॉस एंजेलिसमध्ये एका कुटुंबाच्या घरांसाठी असलेल्या 'आर-१' विभागात भूखंडाचे किमान क्षेत्र ५,००० चौरस फूट (सुमारे ४६५ चौरस मीटर) आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २५ फूट रुंद व १०० फूट खोल, म्हणजे २,५०० चौरस फुटांचा भूखंड सर्वत्र आढळतो. अशा आखूड जागेत पूरक घर बसते की नाही, हे पुढील उदाहरणावरून समजू शकते.

५० फूट रुंद आणि १०० फूट खोल भूखंड घेतला आणि रस्त्याकडील २० फूट जागा सोडून ३५ फूट रुंद व ४० फूट खोल घर उभे आहे असे मानले, तर घराच्या मागे ४० फूट खोलीचे अंगण उरते. दोन्ही बाजूंना ४-४ फूट सोडल्यास बांधकामासाठी ४२ फूट रुंदी मिळते. त्यात ४० फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे नेमके ८०० चौरस फुटांचे घर बसते. मागील हद्दीपासून ४ फूट सोडल्यावर दोन घरांमध्ये १६ फुटांची मोकळी जागा राहते. एवढ्या जागेतून दोन्ही घरांना उजेड व वारा मिळतो, परंतु मूळ अंगण जवळजवळ संपते. सामासिक अंतर ४ फुटांऐवजी १५ फूट मागितले असते, तर मागील घराची रुंदी २० फूट आणि खोली, दोन घरांमध्ये तेवढेच अंतर ठेवल्यास, केवळ ९ फूट उरली असती. लहान भूखंडाच्या बाबतीत नियमातील काही फुटांचा फरक घर होणे आणि न होणे यांतील फरक असतो, तो यामुळेच.

मूळ घराच्या एका बाजूला ५ फूट आणि दुसऱ्या बाजूला १० फूट जागा असल्यास रुंद बाजूने मागील घराकडे जाण्याची वाट मिळते. रस्त्यापर्यंत खास मोकळी मार्गिका ठेवण्याची अट राज्याच्या कायद्यानुसार घालता येत नाही. तरीही बांधकामाचे साहित्य, यंत्रे आणि अडचणीच्या वेळी अग्निशामक दलाचे जवान तेथूनच जाणार असल्याने अशा वाटेचे महत्त्व मोठे असते. अग्निशामक संहितेनुसार इमारतीच्या बाह्य भिंतीचा कोणताही भाग गाडी उभी राहणाऱ्या रस्त्यापासून साधारणपणे १५० फुटांच्या आत असावा लागतो. खोल व अरुंद भूखंडांवर ही अट अडचणीची ठरते.

मागील हद्दीलगत विजेच्या तारा किंवा सामाईक मलवाहिनी जात असेल, तर त्या पट्ट्यावर संबंधित संस्थेचा वापराचा हक्क असतो आणि तेथे बांधकाम करता येत नाही. त्यामुळे नकाशा काढण्यापूर्वी भूखंडाची मोजणी करणे व मालकीची कागदपत्रे तपासणे आवश्यक मानले जाते.

गॅरेजचे रूपांतर

दोन गाड्यांचे जुने गॅरेज साधारण २० फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे ४०० चौरस फुटांचे असते. ते हद्दीला अगदी चिकटून असले, तरी त्याच जागी व त्याच मापात रूपांतर केल्यास वाढीव सामासिक अंतर मागितले जात नाही. जोते, भिंती व छप्पर तयार असल्याने हा मार्ग स्वस्त समजला जातो.

तथापि गॅरेज गाडीसाठी बांधलेले असते, माणसासाठी नव्हे. त्याची जमीन पाणी वाहून जाण्यासाठी दाराकडे उतरती असते, तिच्याखाली ओल रोखणारा थर बहुधा नसतो, आणि भिंतींत उष्णतारोधक भरणही नसते. जुन्या गॅरेजचा पाया अनेकदा राहत्या घराचा भार व भूकंपाचे धक्के सहन करण्याइतका मजबूत नसतो. राहण्याच्या खोलीची उंची किमान ७ फूट असावी लागते. ही सर्व दुरुस्ती करताना काही वेळा नव्याने बांधण्याइतकाच खर्च येतो.

सुरक्षा आणि सेवावाहिन्या

हद्दीपासून ५ फुटांपेक्षा कमी अंतरावरील बाह्य भिंत सर्वसाधारणपणे एक तास आग रोखू शकेल अशी बांधावी लागते. त्यामुळे ४ फूट सामासिक अंतराचा लाभ घेणाऱ्या घराच्या त्या बाजूच्या भिंतीचा खर्च वाढतो. प्रत्येक शयनकक्षाला आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते आणि तिचा खालचा काठ जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच असून चालत नाही. मूळ घराला स्वयंचलित अग्निशामक फवारे बंधनकारक नसतील, तर पूरक घरालाही ते बंधनकारक करता येत नाहीत.

मलवाहिनीचा उतार हा लहान भूखंडावरील नेहमीचा अडथळा आहे. घरगुती मलवाहिनीला दर फुटामागे पाव इंच उतार द्यावा लागतो. मागील घरापासून रस्त्यावरील वाहिनी ८० फूट दूर असेल, तर तेवढ्या अंतरात नळी २० इंच खाली उतरावी लागते. जुनी वाहिनी तेवढी खोल नसेल, तर सांडपाणी वर उचलणारा पंप बसवावा लागतो. जुन्या घरांची वीजजोडणी अनेकदा १०० अँपिअरची असते. विजेवर चालणारी शेगडी, पाणी तापवण्याचे यंत्र आणि वातानुकूलन असलेल्या दुसऱ्या घराचा भार पेलण्यासाठी ती २०० अँपिअरपर्यंत वाढवावी लागते. राज्याच्या ऊर्जा संहितेनुसार नव्याने बांधलेल्या स्वतंत्र पूरक घरावर सामान्यतः सौरपट्ट्या बसवाव्या लागतात. जुन्या बांधकामाच्या रूपांतराला ही अट लागू होत नाही.

खर्च, कर आणि मालकी

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार राज्यातील पूरक घराच्या बांधकामाचा मध्यक खर्च सुमारे १,५०,००० डॉलर होता. घर लहान असले तरी स्वयंपाकघर, स्नानगृह आणि जोडण्या या महागड्या बाबी पूर्ण घराइतक्याच लागतात. त्यामुळे दर चौरस फुटाचा खर्च जास्त पडतो. बहुतेक मालक घर गहाण ठेवून कर्ज घेतात किंवा बचत वापरतात. राज्याच्या गृहवित्त संस्थेने मर्यादित उत्पन्नाच्या मालकांना बांधकामपूर्व खर्चासाठी ४०,००० डॉलरपर्यंत अनुदान देणारी योजना राबवली होती, परंतु तिचा निधी लवकरच संपला. नकाशांवरील खर्च व वेळ वाचवण्यासाठी लॉस एंजेलिसने २०२१ मध्ये पूर्वमंजूर नकाशांची योजना सुरू केली. २०२३ च्या एबी १३३२ या कायद्याने अशी योजना सर्व स्थानिक संस्थांना बंधनकारक केली.

१९७८ च्या 'प्रपोझिशन १३' या घटनादुरुस्तीमुळे राज्यातील मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या १ टक्क्याच्या मूळ दराने आकारला जातो आणि त्या मूल्यातील वार्षिक वाढ २ टक्क्यांपर्यंत मर्यादित असते. पूरक घर बांधल्यावर फक्त नव्या बांधकामाचे मूल्य त्यात मिळवले जाते, मूळ घराचे पुनर्मूल्यांकन होत नाही. नव्या बांधकामाचे मूल्य १,५०,००० डॉलर ठरल्यास मूळ दराने वार्षिक कर सुमारे १,५०० डॉलरने वाढतो.

पूरक घर वेगळे विकण्यास पूर्वी जवळजवळ पूर्ण मनाई होती. २०२३ च्या एबी १०३३ या कायद्याने, स्थानिक संस्थेने तसा नियम स्वीकारल्यास, ते स्वतंत्र मालकीच्या सदनिकेप्रमाणे विकण्याची मुभा दिली. २०२४ मध्ये सॅन होजे शहराने हा पर्याय स्वीकारला.

परिणाम आणि टीका

अलीकडच्या वर्षांत कॅलिफोर्नियात परवानगी मिळणाऱ्या नव्या घरांपैकी साधारण पाचातील एक पूरक घर असते. या घरांत वृद्ध आईवडील, नोकरीला लागलेली मुले, शुश्रूषा करणाऱ्या व्यक्ती किंवा भाडेकरू राहतात. काही मालक वृद्धापकाळी स्वतः लहान घरात राहून मोठे घर भाड्याने देतात. वस्तीचे बाह्य रूप फारसे न बदलता घरांची संख्या वाढते, हा त्यांचा गुण सांगितला जातो.

टीकाकारांच्या मते या धोरणाचा पहिला लाभ ज्यांच्याकडे आधीच जमीन आहे त्यांनाच होतो. ज्यांच्याकडे पुरेशी बचत किंवा घरातील भांडवल आहे तेच मालक बांधकाम करू शकतात. उत्पन्न कमी असलेल्या मालकांना कर्ज मिळणे कठीण जाते. भाडे बाजारभावाने आकारले जात असल्याने सर्वांत गरजू कुटुंबांना ही घरे परवडतीलच असे नाही. मालकाच्या रहिवासाची अट गेल्यामुळे गुंतवणूकदार घरे विकत घेऊन दोन्ही भाड्याने देतील, अशी भीतीही व्यक्त केली जाते. पर्यटकांना अल्प मुदतीने भाड्याने देण्याचा प्रकार रोखण्यासाठी स्थानिक संस्थांना ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्याला मनाई करता येते.

शेजाऱ्यांच्या तक्रारी मुख्यतः रस्त्यावरील वाहनांची गर्दी, खिडक्यांतून होणारा खासगीपणाचा भंग, अंगणात पडणारी सावली आणि झाडांची तोड यांविषयी असतात. सुनावणी रद्द झाल्याने या हरकतींना अर्जाच्या टप्प्यावर स्थान उरलेले नाही. समर्थकांच्या मते पूर्वी याच हरकतींमुळे घरे अडत होती आणि भाडेकरूंना त्या सुनावणीत बाजू मांडायला कोणी नसे. स्थानिक स्वायत्तता आणि राज्याची गृहनिर्माणाची जबाबदारी यांतील हा वाद अद्याप चालू आहे.

इतर ठिकाणी

कॅनडातील व्हँकूव्हर शहराने २००९ मध्ये मागील गल्लीकडे तोंड असलेल्या लहान घरांना परवानगी दिली. ती 'लेनवे हाऊस' म्हणून ओळखली जातात. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने ६० चौरस मीटरपर्यंतच्या 'ग्रॅनी फ्लॅट'साठी सुलभ परवानगीची व्यवस्था केली. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहराने २०१० मध्ये पूरक घरांवरील विकास शुल्क माफ केले. सिअ‍ॅटल शहराने २०१९ मध्ये एका भूखंडावर दोन पूरक घरांना मान्यता दिली आणि वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये तसाच नियम आपल्या शहरी भागांना लागू केला.